आमच्या गॅलरीतला उकिरडा

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या घरी एकाच आठवड्यात दोन नव्या गोष्टी आल्या. आधी सासूबाई आल्या आणि मग चारच दिवसांनी ओला कचरा कुजवायची मातीची कुंडी आली. (सासूबाईंना 'गोष्ट' म्हटल्याबद्दल त्यांनी मला माफ केलं आहे. हा लेख छापायला देण्याआधी मी त्यांना वाचून दाखवला.) दोघींनाही घरात जागा हवी होती ती नेमकी एकाच ठिकाणी, गॅलरीत. सासूबाईंना तिथे सकाळचं ऊन हवं होतं आणि कुंडीला वारा.

सासूबाई इंदूरहून आल्या त्या कायमच्या. त्याआधीच्या श्रावणात अण्णा, म्हणजे माझे सासरे गेले. एवढं मोठं घर एकट्या बाईनं सांभाळायचं कसं, म्हणून ते विकलं. घराबरोबर परसही गेलं. त्यात एक पारिजातक होता, एक लिंबाचं झाड होतं आणि कुंपणाच्या कडेला अण्णांचा खड्डा होता. त्या खड्ड्यात घरचा सगळा पालापाचोळा, भाजीची देठं, शेजारच्या गवळ्याकडचं शेण जायचं. सासूबाईंनी चेंबूरला येताना दोन बॅगा, देव आणि अण्णांचं खुरपं आणलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये खुरप्याचं काय करणार, असं मला वाटलं, पण मी बोलले नाही.

कुंडी येण्याचं कारण साधं होतं. ओला कचरा ज्यानं त्यानं घरीच जिरवावा अशी नोटीस सोसायटीच्या फळ्यावर लागली होती. ओला, सुका आणि घातक असा कचरा घरातच वेगळा करायचा, हे 2016 सालच्या नियमांनीच सांगितलं होतं. पण नियम आणि आपण यांच्यामध्ये नेहमी एक नोटीस लागते. खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसरंही काही होतं. 2016 च्या जानेवारीत देवनारच्या कचराभूमीला मोठी आग लागली होती. तो धूर कित्येक दिवस आमच्या खिडक्यांशी येऊन बसला होता. मुलगा तेव्हा तान्हा होता. त्याला मांडीवर घेऊन, दारंखिडक्या बंद करून, फटीत ओले टॉवेल कोंबून बसले असताना मला पहिल्यांदा कळलं, की रोज सकाळी आपण पिशवी दाराबाहेर ठेवतो ती कुठेतरी जाऊन पडते. आणि ते कुठेतरी आपल्या घरापासून फार लांब नसतं.

तर अशा भारावलेल्या मनानं मी कुंडी आणली. एकावर एक तीन मडकी, बाजूला भोकं, वर झाकण. माहितीपत्रक होतं, ते मी नेहमीप्रमाणे वाचलं नाही. कचरा कुजवायला कसली माहिती लागते? कचरा तर न सांगता कुजतो!

पहिले पंधरा दिवस मी त्या कुंडीत काय काय टाकलं ते आता सांगायलाही लाज वाटते. भाजीची सालं तर होतीच. पण उरलेला वरणभात, मुलानं डब्यात परत आणलेली तेलकट भाजी, नासलेलं दूध, पनीरचा तुकडा, लिंबाच्या फोडी, चहाचा चोथा साखरेसकट, दोन आंब्यांच्या कोयी, नारळाची अख्खी करवंटी असं सगळं. वर एक पिशवीही, कारण तिच्यावर 'पर्यावरणपूरक' असं हिरव्या अक्षरात लिहिलं होतं. आपण किती पुण्य करतोय या समाधानात मी झाकण लावत होते.

तिसऱ्या आठवड्यात वास सुरू झाला. आधी आंबूस, मग कुजक्या अंड्यासारखा. मग तळातून काळं पाणी झिरपलं. आणि एका रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू हातात वाळत घातलेली साडी घेऊन वर आल्या. साडीवर बोटाच्या पेराएवढ्या तपकिरी, चपट्या अळ्या होत्या. त्या आमच्या गॅलरीतून खाली उतरल्या होत्या, म्हणजे पडल्या होत्या. काकूंनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "तुम्ही मासिकात लिहिता ना?" नवऱ्यानं वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता "मी म्हटलं होतं" हे तीन शब्द उच्चारले. त्यानं काहीही म्हटलं नव्हतं.

मी कुंडी उचलून टाकून द्यायला निघाले, तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. रोज सोवळ्यात पूजा करणारी ही बाई. त्यांनी पदर खोचला, जमिनीवर बसल्या, आणि त्या घाणीत कोपरापर्यंत हात घातला. मूठभर बाहेर काढून नाकाशी नेलं. दाबलं. बोटांतून पाणी गळलं.

"याला वारा नाही," त्या म्हणाल्या. "आणि नुसतं ओलंच भरलंस? सुकं कुठे आहे?"

इंदूरहून आल्यापासून, म्हणजे जवळजवळ महिनाभरात, त्यांनी आपणहून बोललेलं हे सर्वांत मोठं वाक्य होतं.

त्या दिवशी मला जे कळलं ते आता थोडक्यात सांगते, कारण माझ्यासारख्या उत्साही मैत्रिणी आणखीही असतील. कचरा दोन तऱ्हांनी कुजतो. हवा मिळाली तर त्यातले जीवजंतू त्याची माती करतात, आणि तिला पहिल्या पावसासारखा वास येतो. हवा कोंडली तर दुसऱ्या जातीचे जंतू ताबा घेतात, आणि मग काकू साडी घेऊन वर येतात. हवा खेळायची तर ओल्याच्या जोडीला सुकं हवं, म्हणजे वाळलेली पानं, लाकडाचा भुसा, नारळाचा काथ्या, फाडलेलं वर्तमानपत्र. सालं, देठं यांत नत्र जास्त असतं आणि वाळक्या पानांत कार्बन. जंतूंना दोन्ही लागतं, आणि कार्बन पंचवीस-तीस पट लागतो. घरात तराजू घेऊन बसायची गरज नाही. एक वाटी ओला कचरा पडला की त्यावर तेवढाच किंवा थोडा जास्तच वाळका पाला, एवढं लक्षात ठेवलं की झालं. ओल किती असावी? सासूबाईंचं माप असं : मुठीत घेऊन दाबलं तर लाडू वळला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. लाडू फुटला तर पाण्याचा हबका मारायचा, पाणी गळलं तर पाला वाढवायचा.

त्या चपट्या अळ्यांबद्दलही एक शब्द. त्या काळ्या रंगाच्या एका माशीच्या अळ्या असतात. ही माशी चावत नाही आणि घरमाशीसारखी आपल्या जेवणावर येऊनही बसत नाही. अळ्या तर कचऱ्याचा फडशा पाडण्यात पटाईत. म्हणजे त्या बिचाऱ्या आमची चूक निस्तरतच होत्या. हे मी काकूंना जाऊन सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नाही.

पाला कुठून आणायचा? चेंबूरमध्ये झाडांना तोटा नाही. आमच्या गल्लीत पर्जन्यवृक्षाची दोन मोठी झाडं आहेत. सासूबाई दुसऱ्याच दिवशी खाली उतरल्या आणि झाडणाऱ्या बाईशी बोलून दोन पोती पाला घेऊन आल्या. महिनाभर घराबाहेर पाऊल न टाकलेली बाई पाल्यासाठी तीन मजले उतरली आणि चढली. नवरा संध्याकाळी घरी आला तेव्हा मी त्याला आधी हे सांगितलं.

मग आमचा रोजचा वाद सुरू झाला : हे चालेल का आणि ते चालेल का. सासूबाईंचं ज्ञान खड्ड्याचं, माझं नव्यानं वाचलेलं कुंडीचं, आणि दोन्हींत फरक आहे. खड्ड्यात किंवा मोठ्या ढिगात आतली उष्णता साठ अंशांच्या आसपास जाऊ शकते. त्यात तणाचं बी मरतं, रोगट पानांतली कीड मरते. गॅलरीतली कुंडी एवढी तापत नाही. म्हणून मावा पडलेली जास्वंदीची फांदी, बुरशी आलेली गुलाबाची पानं त्यात घालू नयेत. रोग खतातून परत झाडाकडे येतो. टोमॅटोचं बीही मरत नाही, पण तो तोटा म्हणता येणार नाही. आमच्याकडे आजवर टोमॅटो, मिरची आणि एक लाल भोपळ्याचा वेल न लावता उगवले आहेत.

शिजवलेल्या अन्नावर आमचं अजून एकमत नाही. घासभर भात पाल्याखाली दडपला तर काही बिघडत नाही, हे मी आता मान्य करते. तेलकट भाजी मात्र नको. तेलाचा थर बसला की हवा जात नाही. दूध, पनीर, तूप, मांसाचे तुकडे, माशांचे काटे यांनी वास, माशा आणि उंदीर येतात. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी मासळीचा कचरा हातभर खोल पुरावा, माडाला मानवतो म्हणतात. गॅलरीवाल्यांनी नाद सोडावा. आता तुम्ही म्हणाल, दूध नको तर सासूबाई महिन्यातून एकदा कुंडीत आंबट ताक का शिंपडतात? मीही विचारलं. "वाटीभर ताकाला तांब्याभर पाणी असतं त्यात," त्या म्हणाल्या. "दह्याला विरजण लागतं तसं. विरजण म्हणून कोणी अख्खं दही ओतत नाही."

चहाचा चोथा उत्तम, पण धुऊन. साखर राहिली तर मुंग्यांची रांग लागते. चहाच्या पुड्या, म्हणजे टी-बॅग, फोडून आतली पत्ती तेवढी घ्यावी. कित्येक पुड्यांच्या कागदात प्लास्टिकचे धागे असतात. लिंबू-संत्र्याची सालं थोडी चालतात. पण संत्र्यांच्या दिवसांत रोज डझनभर सालं पडली तर कुंडी आंबते, आणि गांडुळं सोडली असतील तर ती रुसतात. कांद्या-लसणाचंही तसंच. करवंटी वर्षानुवर्षं तशीच राहते, कोयीही लवकर दाद देत नाही. मक्याचं कणीस चिरून घाला. एकूण जे घालाल ते बारीक चिरून घाला. फळांवरचे गोल स्टिकर काढा. खत चाळताना मला पहिल्या खेपेला असे एकोणीस स्टिकर मिळाले, सगळे नव्यासारखे. वर्तमानपत्र चालतं, गुळगुळीत रंगीत कागद नको. दुकानातली पावतीही नको, तिच्या कागदावर रसायनाचा लेप असतो. आणि ती 'पर्यावरणपूरक' पिशवी? चार महिन्यांनी बाहेर काढली तेव्हा तिच्यावरची हिरवी अक्षरंसुद्धा वाचता येत होती. अशा बऱ्याच पिशव्या विरघळायला कारखान्यातल्या ढिगाएवढी उष्णता लागते, ती आमच्या मडक्यात कुठून यायची! सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, जुनी औषधं, कुत्र्या-मांजराची विष्ठा यांतलं काहीही कुंडीत नको, हे सांगायला नको. तरी सांगते, कारण आमच्याच सोसायटीत एकीनं मुदत संपलेल्या गोळ्या 'झाडांना ताकद' म्हणून घातल्या होत्या.

हे सगळं चालू असताना सासूबाई बोलत्या झाल्या. बोलता बोलता अण्णा येत. अण्णा शाळामास्तर होते, आणि त्यांना आपल्या गावाचा एक विलक्षण अभिमान होता. आज इंदूर म्हटलं की लोक स्वच्छतेच्या पहिल्या नंबराचं कौतुक करतात. अण्णा त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत, "सगळ्या जगाला कंपोस्ट आमच्या गावानं शिकवलं." मला ती मास्तरांची अतिशयोक्ती वाटायची. पण ती गोष्ट बरीचशी खरी निघाली. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ 1924 ते 1931 इंदूरला वनस्पतिशास्त्राच्या एका संस्थेचे प्रमुख होते. शेतातला पालापाचोळा, शेण, गोमूत्रानं भिजलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर रचायचे, ते तीनदा परतायचे आणि तीन महिन्यांत खत करायचं, ही रीत त्यांनी तिथे बसवली. 'इंदूर पद्धत' या नावानं ती पुढे देशोदेशी गेली. गांधीजींनीही 1935 साली ती संस्था पाहिली. 1931 साली त्या प्रयोगांवर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. अण्णांचा सगळा जीव त्या दुसऱ्या नावात होता. "हॉवर्डचं नाव सगळे घेतात, आमच्या वाडांचं कोणी घेत नाही," असं ते चहाला आलेल्या प्रत्येकाला ऐकवत. पाहुण्याला कंपोस्टमध्ये रस आहे की नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

आणि मग श्रावणात मी ती चूक केली.

सासूबाई रोजचं निर्माल्य एका कापडी पिशवीत साठवत आणि पिशवी देवघरामागच्या खिळ्याला अडकवत. इंदूरला ते पारिजातकाच्या बुंध्याशी जायचं. इथे काय करायचं ते ठरत नव्हतं. खाडीत टाकायला मन घेत नव्हतं, कचऱ्यात तर नाहीच. पावसाळी हवेत पिशवीला बुरशी आली. अण्णांचं वर्षश्राद्ध होऊन आठ-दहा दिवस झाले होते. एका दुपारी सासूबाई झोपल्या असताना मी स्वच्छतेच्या झटक्यात पिशवी काढली आणि कुंडीत रिकामी केली. फुलं ती फुलं, कुजतील, असा माझा शास्त्रीय विचार. वर पाला टाकायलाही विसरले नाही.

संध्याकाळी सासूबाई खुरपं घेऊन कुंडी परतायला बसल्या. मी स्वयंपाकघरात होते. खुरप्याचा आवाज थांबला तो थांबलाच. बाहेर जाऊन पाहिलं, तर त्यांच्या हातात सुकलेला शेवंतीचा हार होता. श्राद्धाच्या दिवशी अण्णांच्या फोटोला घातलेला. त्याला सकाळच्या ऑम्लेटच्या अंड्यांची टरफलं चिकटली होती.

"ह्यांचा हार आहे गं," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मी आधी मनातल्या मनात वाद घातला. मातीच व्हायची, मग शेजारी अंड्याचं टरफल असलं काय आणि बेलाचं पान असलं काय, मातीला सोवळं-ओवळं कुठे असतं, वगैरे. सगळे मुद्दे बरोबर होते आणि एकाचाही उपयोग नव्हता. मी त्यांना विचारलं नव्हतं. ज्या बाईचं घर, परस, झाड आणि माणूस असं सगळं एका वर्षात गेलं, तिच्याकडे स्वतःचं म्हणून उरलेली ती खिळ्यावरची पिशवी होती, आणि मी तीही तिला न विचारता रिकामी केली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी कुंडीतून एकेक फूल निवडलं. किती मिळणार? झेंडू लगदा झाला होता. पण हाराचा दोरा मात्र अख्खा हाती आला, कारण तो नायलॉनचा होता. मध्ये ओवलेले प्लास्टिकचे मोती, जरीची झिरमिळी, तळाचा चकचकीत कागद, सगळं जसंच्या तसं. मी ते घेऊन सासूबाईंपुढे बसले आणि म्हटलं, "आई, चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

त्यांनी दोरा हातात घेतला, ताणून पाहिला. "फुलं गेली आणि हे राहिलं," म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं : "दुसरी कुंडी किती रुपयांना येते?"

दुसरी कुंडी फक्त निर्माल्याची. तिचे नियम सासूबाईंचे. रविवारी दुपारी त्या वर्तमानपत्र पसरून बसतात, मुलगा शेजारी कात्री घेऊन. हाराचे दोरे कापून वेगळे. कुंकू-गुलाल झटकून, कारण बाजारच्या रंगांत काय असेल सांगता येत नाही. पंचामृत नाही, त्यातलं दूध-मध-साखर म्हणजे मुंग्यांना आमंत्रणच. दूर्वा, बेल, तुळस, विड्याची पानं चालतात, नारळाची शेंडी तर छानच. उदबत्तीच्या काड्या कुजायला वेळ लागतो, त्या वेगळ्या. गणपतीत त्या खालच्या मजल्यावरच्या काकूही आपलं निर्माल्य घेऊन आल्या, दोरे काढून. साडीचा विषय दोघींनीही काढला नाही.

गंमत म्हणजे ती कुंडी दोन महिने जागची हलेना. सासूबाई फुलं उन्हात खडखडीत वाळवून घालत, बुरशीच्या धास्तीनं. त्यात ना ओल, ना नत्र. "लाडू वळत नाही," मी म्हटलं. थोडा सूडच होता त्यात. त्यांनी आधी तीर्थाचं उरलेलं पाणी शिंपडलं. मग नैवेद्याच्या केळ्यांची सालं आली, "देवाला दाखवलेलीच आहेत." मग आवळी भोजनाला दुधीची सालं आली. मग एक दिवस कोथिंबिरीची देठं मला त्या कुंडीत दिसली, ती कुठल्या देवाला दाखवली होती ते मी विचारलं नाही. अंड्याची टरफलं आजही त्या कुंडीत जात नाहीत. ती आम्ही कुटून थेट गुलाबाला घालतो.

संक्रांतीच्या सुमारास निर्माल्याचं खत तयार झालं. बादलीभर फुलांचं दोन-तीन ओंजळी, काळंभोर, मऊ. सासूबाईंनी ते चाळलं, एका जुन्या डब्यात भरलं आणि डबा कपाटात ठेवला. तुळशीला घातलं नाही. मी कारण विचारलं नाही. एवढं मी शिकले होते.

कारण गेल्या आठवड्यात कळलं. यंदाचं अण्णांचं श्राद्ध इंदूरला धाकट्या दिरांकडे आहे. अवंतिका एक्स्प्रेसची तिकिटं आली, तेव्हा सासूबाईंनी नवऱ्याला आमच्या जुन्या घराच्या नव्या मालकांना फोन लावायला सांगितला. घराबद्दल, भाड्याबद्दल, रंगाबद्दल काही विचारलं नाही. फक्त पारिजातक आहे का, एवढंच विचारलं. पलीकडून कोणी बाई बोलत होत्या. झाड आहे, म्हणाल्या, पण गेल्या वर्षी फुलं फार कमी आली.

सासूबाईंनी फोन ठेवला आणि कपाटातून डबा काढला. झाकण उघडून वास घेतला, मूठ भरून दाबून पाहिली. थोडं कोरडं झालं होतं. त्यांनी त्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं, झाकण घट्ट लावून डबा साडीत गुंडाळला आणि मला विचारलं, "गाडीत मातीचा डबा पाहून कोणी काही म्हणणार नाही ना गं?"